गप्प बसण्याला मौन म्हणू नका

दरवर्षी नागपंचमीला आमच्या आष्टीत हुतात्म्यांच्या आठवणीसाठी लोक जमतात. ते गेले त्या दिवशी, १९४२ साली १६ ऑगस्टला, नागपंचमी होती, म्हणून इथे तारखेपेक्षा तिथी अधिक लक्षात राहिली. माहेरी आलेल्या लेकी, गणवेशातली पोरे, निंदण टाकून आलेली म्हातारी माणसे, सगळी दोन मिनिटे उभी राहतात. मी लहानपणापासून उभी राहत आले. ती दोन मिनिटे मला प्रिय आहेत. पुढे जे म्हणणार आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावात अशाच एका श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेले होते. दोन मिनिटे संपली आणि पाहुणे बोलायला उठले. म्हणाले, "या शांततेनं जे सांगितलं ते शंभर भाषणांना जमणार नाही. शब्द उथळ असतात. खरं दुःख मुकं असतं. थोर कलासुद्धा न बोलताच सगळं सांगते." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी एक बाई उभी होती. तिच्या नवऱ्याने कर्जापायी विष घेतले त्याला वर्षही झाले नव्हते आणि मदतीचा कागद अजून कचेरीतच फिरत होता. तिनेही मान डोलावली. ती डोलावलेली मान मी विसरू शकलेले नाही.

कारण हे मत त्या एका पाहुण्यांचे नाही. ते आपल्या हवेत आहे. सून शोधायला आलेले लोक "मुलगी अबोल आहे" असे कौतुकाने म्हणतात, तेव्हा ते बोलत असते. नाटकाच्या परीक्षणात "शब्दबंबाळ" ही शिवी असते आणि "बोलकी शांतता" हे पदक. विदर्भातल्या शेतकऱ्यावर लिहिणारा प्रत्येक जण त्याला "सोशिक" म्हणतो आणि त्या सोशिकतेपुढे नतमस्तक होतो. या मताचे म्हणणे नीट मांडायचे तर ते असे आहे: शब्द मर्यादित आहेत, अनुभव अमर्याद आहे, म्हणून जो बोलतो तो अनुभव लहान करतो आणि जो गप्प राहतो तो त्याला पूर्ण जपतो. मौन म्हणजे बोलण्याच्या वरची पायरी. पाठीशी एक संस्कृत वचनही तयार असते, मौनं सर्वार्थसाधनम्.

ऐकायला हे फार उदात्त वाटते. पण ज्या मातीत उभे राहून ते सांगितले गेले, त्या मातीचा इतिहास त्याच्या नेमका उलट आहे.

१९४२ च्या त्या दिवशी आष्टीची माणसे पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाली, ती काय ध्यानधारणेतून उठून निघाली होती? गांधीजींचा शब्द मुंबईहून आठवडाभरात इथवर पोचला होता. चिमूर-आष्टीच्या पट्ट्यात तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजत होती. भजनात त्यांनी जे सांगितले ते ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्यालाही पाठ झाले होते. सरकारला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याच महिन्याच्या अखेरीस चंद्रपूरला महाराजांना अटक झाली आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. इंग्रज सरकारला कुणाच्या मौनाची भीती वाटली असती तर त्याने मौनी बाबांना पकडले असते. त्याने खंजिरी वाजवणाऱ्याला पकडले.

आणि त्यानंतर जे घडले ते तर या शब्दनिंदकांनी बसून वाचावे असे आहे. आष्टीत मोर्च्यावर गोळीबार झाला, आंदोलक मेले. जमावाच्या हातून ठाणेदार आणि शिपाई मेले. चिमूरलाही त्याच दिवशी दोन्हीकडे माणसे मेली. मग चिमूरमध्ये फौज आली. पुरुषांना पकडून नेल्यावर गावात उरलेल्या बायकांवर शिपायांनी जे अत्याचार केले, त्याबद्दल सरकारला काय हवे होते? शांतता. नागपूरच्या स्त्रियांचे एक पथक चिमूरला गेले, घराघरांत बसून त्यांनी त्या बायकांचे ऐकून घेतले. त्या बायका बोलल्या. अशा गोष्टीची वाच्यता झाली तर घरची अब्रू जाते असे ज्या काळात सगळे मानत होते, त्या काळात, परक्या शहरी बायकांसमोर त्या बोलल्या. सरकारने चौकशी नाकारली.

तेव्हा सेवाग्रामहून प्राध्यापक भन्साळी उठले. या माणसाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मौनाची त्यांच्याइतकी कठोर साधना क्वचितच कुणी केली असेल. पूर्वी त्यांनी दीर्घ मौनव्रत घेतले होते, आणि चुकूनही शब्द निघू नये म्हणून तांब्याच्या तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले होते. मौनाचा अधिकार कुणाचा, असे विचारले तर त्यांच्याकडेच बोट दाखवावे लागेल. पण चिमूरच्या बायकांची गोष्ट कानावर आली तेव्हा या माणसाने ओठ शिवले नाहीत. ते दिल्लीला गेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेल्या वऱ्हाडच्या लोकनायक अण्यांच्या दारात गेले, चौकशी करा म्हणाले. पकडून परत आणले तर पायी चिमूरकडे निघाले. पुन्हा आणले, पुन्हा निघाले. उपोषण ६३ दिवस चालले. आणि ते उपोषण मुके नव्हते. ते कशासाठी आहे हे स्वच्छ शब्दांत सांगितलेले होते. त्या शब्दांचीच सरकारला इतकी धास्ती, की उपोषणाची बातमी छापायलाच बंदी घातली.

आता वर्तमानपत्रांनी काय केले पाहा. संपादकांच्या अखिल भारतीय परिषदेने या बंदीचा निषेध केला, आणि ६ जानेवारी १९४३ ला देशभरातली अनेक वृत्तपत्रे निघालीच नाहीत. कोरा दिवस. शांततेचे पूजक इथे म्हणतील, बघा, शेवटी शांतताच बोलली! पण ती का बोलली? आदल्या दिवसापर्यंत ती पत्रे रोज बोलत होती म्हणून. आणि आज आम्ही का निघत नाही हे त्यांनी आधी सांगून ठेवले होते म्हणून. जे पत्र कधी निघतच नाही त्याच्या न निघण्याला कोण विचारतो? १२ जानेवारीला तडजोड झाली, बंदी उठली, भन्साळींनी उपोषण सोडले. पुढे आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे दारोदार फिरल्या. अर्ज, सह्या, सभा, पत्रे. अखेर १९४५ मध्ये फासावरची माणसे खाली आली. ती कुणाच्या मूक वेदनेमुळे आली नाहीत. कुणीतरी तीन वर्षे सतत तोंड वाजवत राहिले म्हणून आली.

आपली भाषा याबाबत आपल्या सुभाषितांपेक्षा शहाणी आहे. मौन धरणे वेगळे, गप्प बसणे वेगळे, गप्प बसवणे वेगळे. मूग गिळणे वेगळे आणि दातखीळ बसणे त्याहून वेगळे. आमच्याकडे बाप पोराला "चूप राय" म्हणतो तेव्हा ते पोर मौनव्रत घेत नाही. ज्याला बोलता येते, ज्याचे बोलणे ऐकले जाते आणि तरीही जो काही काळ स्वखुशीने थांबतो, त्याचे ते मौन. सेवाग्रामला गांधीजींचा सोमवार मौनाचा असे, तो उरलेल्या सहा दिवसांमुळे. आणि त्या दिवशीही ते चिठ्ठ्या लिहीतच असत. ज्याला सातही दिवस कुणी विचारत नाही, त्याच्या सोमवाराला काय अर्थ? भन्साळींच्या ओठांतली तार त्यांची स्वतःची होती. चिमूरच्या बायकांच्या तोंडावरचा हात दुसऱ्याचा होता. दोघांना एकच शब्द लावायचा, आणि वर त्याला पूज्य म्हणायचे, हा अन्याय आहे.

मौनं सर्वार्थसाधनम् म्हणणाऱ्यांना मी दुसरे वचन आठवून देते, मौनं संमतिलक्षणम्. गप्प राहिलात म्हणजे तुमची हरकत नाही. पहिले वचन भिंतीवर लावायला आहे; व्यवहारात चालते ते दुसरे. आणि ते कुणावर चालते, हे आम्हा विदर्भातल्या बायकांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज. एका आदिवासी मुलीला रात्री पोलीस चौकीत थांबवून घेतले गेले आणि पोलिसानेच तिच्यावर बलात्कार केला, असा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. भीतीपोटी निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे त्या निकालात होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, सोबतची माणसे जवळ असताना तिने त्यांना हाक मारली नाही, यावरून तिची संमती असावी असा अर्थ काढला गेला. रात्रीची वेळ, चौकी, गणवेशातला माणूस, आणि ती पोरगी. तिच्या गप्प राहण्यात देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाला संमती ऐकू आली.

सांगा, त्या शांततेने काय "सांगितले"? मुळात ती काहीच सांगत नव्हती. वाचणाऱ्याला जे वाचायचे होते ते त्याने त्यात वाचले. आणि हे बदलले कशाने? १९७९ मध्ये उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. पत्र म्हणजे शब्द, उथळ म्हणून हिणवलेले तेच शब्द. त्या शब्दांमुळे देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. कायद्याने बाईच्या शांततेला अर्थ दिला नाही. त्याने तिच्या शब्दाला वजन दिले.

उलट बाजूही पाहावी. सत्तेचे मौन कसे वाचले जाते? माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात उत्तर आले नाही तर कायदा ते "नाही" समजतो. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की कचेरी गप्प बसते तेव्हा ती नकारच देत असते. म्हणजे दुबळ्याची शांतता "हो" ठरते आणि बलवानाची "नाही". दोन्हीकडे फायदा एकाचाच. अशा जगात दुबळ्याला "मौन बाळग" असे सांगणे म्हणजे त्याच्या सहीचा कोरा कागद दुसऱ्याच्या हाती देणे होय.

कुणी म्हणेल, थोरांच्या मौनाची गोष्ट निराळी. त्यांचे मौन गैर वाचले जाऊ शकत नाही. आमच्याच जिल्ह्यातले पवनार त्याला उत्तर देईल. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ ला वर्षभराचे मौन घेतले. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. मौनातच त्यांच्या हातून "अनुशासन पर्व" हे दोन शब्द लिहिले गेले, आणि सरकारने ते भिंतींवर रंगवले. मौन सुटल्यावर विनोबांनी सांगितले की अनुशासन आचार्यांचे असते, राज्यकर्त्यांचे असते ते शासन. पुढे पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. पण मधले महिने त्यांच्या नावाने दुसरेच बोलत राहिले होते. विनोबांच्या ऋषितुल्यतेबद्दल मला तिळभर शंका नाही. म्हणूनच हे उदाहरण मला झोंबते. विनोबांसारख्याच्या मौनालासुद्धा सत्तेने आपला आवाज चिकटवला, तर आपली काय कथा? डिसेंबर १९७५ मध्ये, विनोबांचे मौन सुटायला थोडे दिवस उरले असताना, कऱ्हाडला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. यशवंतराव चव्हाण समोर होते. जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा असे दुर्गाबाईंनी सभेला सांगितले. ती प्रार्थना कुणालाही सरकारच्या बाजूने वळवता आली नाही, कारण तिच्या आधी दुर्गाबाईंचे शब्द उभे होते. पुढे त्यांना अटक झाली. त्यांचे बोलणे सरकारला नीट समजले होते.

राहता राहिली कला. इथे समोरच्यांना वाटते की आपले ठाणे अभेद्य आहे. न बोललेलेच श्रेष्ठ, व्यंग्यार्थ हाच काव्याचा आत्मा, असे आनंदवर्धनाने नवव्या शतकातच सांगितले नाही का? सांगितले. पण त्याने त्याला नाव दिले ध्वनी. आणि दाखला दिला घंटेचा, टोल पडून गेल्यावर जे अनुरणन मागे घुमत राहते त्याचा. ते घुमणे टोलापेक्षा सुंदर असेल; मी मान्य करते. पण टोलच पडला नाही तर घुमणार काय? नुसत्या लटकत्या घंटेखाली बसून "काय अनुरणन आहे!" म्हणणाऱ्याला आपण रसिक म्हणू का? आमच्या भजनी मंडळातला साधा तबलेवालासुद्धा हे जाणतो. तालात "खाली" असते, तिथे डग्ग्याचा घुमारा मुद्दाम काढून घेतलेला असतो. पण खालीची मात्राही मोजलेलीच असते. अलीकडे-पलीकडे भरी असते म्हणून ती खाली. मात्रा चुकवून थांबलेल्याला कुणी खाली म्हणत नाही, बेताल म्हणतात.

विजय तेंडुलकरांचे १९६७ चे नाटक घ्या. त्याच्या नावातच "शांतता!" आहे, आणि तो हुकूम आहे, सौंदर्य नव्हे. लीला बेणारेवर खेळाच्या निमित्ताने खरा खटला भरला जातो. ती गप्प राहते, आणि तिच्या प्रत्येक गप्प राहण्यातून समोरचे आपल्याला हवा तो पुरावा काढतात. तेंडुलकरांसारखा अर्धवट वाक्यांचा आणि थांबण्यांचा उस्ताद मराठी नाटकात दुसरा नाही. पण त्यालाही बेणारेला गप्प ठेवून नाटक संपवता आले नाही. भोवतालची सगळी पात्रे थिजवून त्याने तिला ते लांबलचक स्वगत दिले. ते कोर्टाला ऐकू जात नाही. प्रेक्षकांना जाते. त्या स्वगताशिवाय तिचे मौन आपल्यालाही आरोपीचे मौन वाटले असते.

आणि ज्यांना खेड्यातली बाई अबोल वाटते, ते जात्याजवळ कधी बसलेले दिसत नाहीत. सासरा, दीर, नवरा यांच्यासमोर जिचा पदर कपाळावरून हलला नाही, ती पहाटे जात्यावर बसली की बोलत होती. भाऊ, माहेर, सवत, मार, भूक, विठोबा, सगळ्यांबद्दल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक! ही अबोलांची जमात? त्या आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी "स्त्री-पुरुष तुलना" लिहून पुरुषांना जाब विचारला होता. आमच्या बायका गप्प नव्हत्या. ऐकणारे जागेवर नव्हते. आपण न ऐकलेल्या बोलण्याला "मूक वेदना" असे नाव दिले की ऐकण्याची जबाबदारी टळते. या मताचे खरे आकर्षण हेच आहे, असे मला वाटते. समोरच्याचे दुःख मुके आहे म्हटले की आपल्याला प्रश्न विचारावा लागत नाही.

आता त्या माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे येते. तिच्या नवऱ्याबद्दल सगळे म्हणाले, "काई बोललाच नाई हो. आतल्या आत कुढला." सोसायटीचे किती, सावकाराचे किती, सोयाबीन गेले तेव्हा त्याने काय ठरवले, तिला माहीत नव्हते. बायकोला कशाला सांगायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेलीच राहिली. मग तिच्यामागे कागद लागले. शेतकरी आत्महत्या पात्र की अपात्र हे ठरवायला सरकारी समिती बसते आणि तिला शब्द हवे असतात: नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जफेडीचा तगादा. एक लाख रुपयांची मदत या शब्दांवर अडते. तगादा होता का? कोण आले होते? काय म्हणाले? कधी? ज्या बाईला जन्मभर "चूप राय" सांगितले, तिने पोलिसासमोर, तलाठ्यासमोर, समितीसमोर हे सगळे क्रमाने, न अडखळता सांगायचे असते. तिथे कुणी म्हणत नाही की ताई, तुमची शांतताच फार बोलकी आहे. तिथे शांततेला "अपात्र" म्हणतात.

अशा बाईसमोर उभे राहून शब्द उथळ असतात असे म्हणवतेच कसे? शब्द तोकडे असतील. नांगरही तोकडाच असतो, म्हणून कुणी वावर नखांनी उकरत नाही.

वर्धा नदीच्या पलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसे जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे जागच्या जागी स्तब्ध होतात. मी तिथे उभी राहिले आहे. इतक्या माणसांच्या स्तब्धतेत फक्त झेंड्याचे कापड ऐकू येते, अंगावर काटा येतो. ती शांतता खरी आहे, कारण सकाळपासून तिथे भजने झालेली असतात आणि नंतर सामुदायिक प्रार्थना होणार असते. खंजिरी वाजवून ज्याने माणसे उठवली त्याच्यासाठी ती थांबलेली असतात. थांबून पुन्हा गातात.

आष्टीच्या दोन मिनिटांबद्दल माझे मागणे एवढेच आहे. त्या दोन मिनिटांच्या आधी मोठ्या आवाजात नावे वाचा. गोळीने मेलेल्यांची, घरादारासह नीट. फाशी सुनावली गेलेल्यांचीही वाचा. चिमूरच्या बायकांनी कोणाला काय सांगितले ते पोरांना सांगा, आणि सांगताना खाली पाहू नका. त्या दिवशी आपल्या गावच्या जमावाच्या हातून ठाणेदार आणि शिपाईही मेले, हेही सांगा. ती नावे आपण कधीच घेत नाही. मला नेहमी वाटत आले आहे की आपल्याला ती दोन मिनिटे इतकी आवडतात त्यात याचाही वाटा आहे: उभे राहिले की यातले काहीच बोलावे लागत नाही. पुढच्या नागपंचमीला आठवीतल्या एखाद्या पोरीच्या हाती ती यादी द्यावी. तिने ती वाचावी, अडखळली तर पुन्हा वाचावी, आणि शेवटचे नाव घेऊन झाल्यावर गावाने उभे राहावे.